गाळातली तीन रोपं

झाडं वाळवून कागदावर चिकटवायचं काम मी एकोणीस वर्षं करतेय. माझ्या कागदावर मातीचा कण सापडला तर नाव बदलेन. माझी सख्खी थोरली बहीण आमच्याच वनस्पती-संग्रहासाठी रानोमाळ हिंडून झाडं गोळा करते. स्वच्छतेवरून आमचं नेहमीच वाजतं.

मागच्या महिन्यात ताईने लव्हाळ्याचा जुडगा आणला, मुळांशी चिखलाचा हा मोठा गोळा. मी मुळं नळाखाली धरून लख्ख केली, जुडगा दाबून वाळवला, चिकटवला. आठवड्याने ताईने कागद उलटसुलट करून पाहिला.

"लाल रोपं कुठे गेली?"

"कुठली लाल?"

"चिखलातली! अगं, लव्हाळं कोणाला हवं होतं?"

ती रोपं बोटाच्या पेराएवढी. पाण्याखाली उगवतात, पाणी उतरताना फुलतात, डबकं आटलं की त्यांचा भुगा होतो. फूल टाचणीच्या डोक्याएवढं. कित्येक वर्षं या रोपांचं घराणं गवतांच्या कपाटात पडून होतं. मग कुणीतरी नीट तपासलं, तर सोयरीक थेट कुमुदिनीशी निघाली. सुटी उपटली तर तुटतात, म्हणून ताईने चिखलासकट आणलेली. एव्हाना तिने जिथून आणली ते डबकं आटलं होतं, आणि ते बुजवून वाहनतळ करायचा की नाही याची सुनावणी सोमवारी होती. अशी दुर्मिळ रोपं तिथे उगवतात याचा ताईकडे पुरावा एवढाच.

मी सिंककडे धावले. धुतलेल्या मुळांचा गाळ साचतो तो खालचा डबा काढला, चहाच्या गाळणीने सगळा गाळ उपसला. तीन रोपं मिळाली, एकाला फूलसुद्धा! जीव भांड्यात पडला. ती चिकटवून चिठ्ठीवर डबक्याचं ठिकाण लिहिणार, तोच ताईने हात धरला.

"कुठून उचललीस?"

"डब्यातून. पण आली डबक्यातूनच ना?"

"त्या सिंकमध्ये वर्षभरात किती ठिकाणची मुळं धुतलीस?"

मी चिठ्ठीवरून पेन उचललं.

"मग जिथून उचललीस तेच लिही."

लिहिलं. सुनावणीत अधिकाऱ्याने 'सिंकखालचा डबा' असं मोठ्याने वाचलं. दोघं-तिघं हसले, कागद बाजूला पडला. गुरुवारी डबक्यावर मुरुमाचे ट्रक आले.

ताई मला एका शब्दाने बोलली नाही. चांगली झापली असती तर बरं झालं असतं. परवा ती नव्या झाडांची पुडकी घेऊन आली, माझ्या टेबलावरून पुढे गेली आणि पलीकडे हेच काम करणाऱ्या बाईंसमोर ठेवली. मग वळून म्हणाली, "चहा घेणार ना गं?"