किराळ

बहात्तरच्या दुष्काळात मी दिवाळीच्या सुट्टीला पलूसजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा राहीआत्याच्या गोठ्यातली वैरण संपत आली होती. आतोबा पलटणीत असतानाच गेले. त्यानंतर आत्याने एकटीने शेती ओढली, ती दोन बैलांच्या जोरावर. ते जगले तर शेत, नाहीतर नाही.

ओढ्याकाठच्या तुकड्यात ज्वारी पावसाविना खुरटून गुडघाभर उभी होती. "आत्या, ती कापून का घालत नाहीस?" मी विचारलं.

"नगं. तिच्यात किराळ असतंय. जनावराला लागतंय."

मी सातारच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. किराळ म्हणजे दृष्ट, बाधा अशातलंच काही असणार, असं मी धरून चाललो. "मग वैरणीला लिंबू-मिरची बांध," अशी वर थट्टाही केली. ती हसली नाही. पण शिकलेला भाचा सांगतोय म्हणून तिने विळा उचलला. माझ्या शिक्षणाचा एवढा मान दुसऱ्या कुणी कधी ठेवला नव्हता.

वैरण खाऊन होते न होते तोच थोरला बैल धापा टाकत कोसळला. पलूसहून ढोरांचे डॉक्टर लालासाहेब सायकलवरून येईपर्यंत तो मेला होता. धाकट्याने कमी खाल्लं होतं, तो थरथरत उभा होता. डॉक्टरांनी त्याच्या मानेची शीर टोचली. शिरेतलं रक्त काळपट असायला हवं. हे लालभडक होतं.

"किराळच. म्हंजे खुरटलेल्या ज्वारीतलं सायनाइड," डॉक्टर इंजेक्शन भरत म्हणाले. "तुमी शिकवताच की मास्तर."

शिकवायचो म्हणजे काय, दरवर्षी शिकवायचो. फळ्यावर पेशीतल्या सायटोक्रोम नावाच्या प्रथिनांची रांग काढायचो. प्रत्येकाच्या पोटात हीमची चकती आणि चकतीच्या मधोमध लोखंडाचा एक अणू. तो मागच्याकडून इलेक्ट्रॉन घेतो, पुढच्याला देतो. रांगेतला शेवटचा सायटोक्रोम तो इलेक्ट्रॉन प्राणवायूच्या हवाली करतो. सायनाइड नेमकं त्या शेवटच्याच्या लोखंडाला चिकटतं आणि सगळी रांग अडते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. भरल्या ताटावर उपासमार, असं मी म्हणायचो. पोरांना ते वाक्य फार आवडायचं.

धाकटा तगला. संध्याकाळी बादलीभर पाणी प्यायला. आत्या मात्र थोरल्यापाशीच बसून होती. मला स्वतःची लाज वाटत होती. तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं, रांग, लोखंड, विष, जमेल तेवढं सोपं करून. तिने मन लावून ऐकलं.

"आन् हे तू कवापास्नं शिकवतोस?"

"सात वर्षं झाली."

तिने बैलाच्या कपाळावरची माती पदराने पुसली.

"म्हंजे तुला ठावं हुतं. मलाबी ठावं हुतं," ती म्हणाली. "मग बैल का मेला रं?"