सुनेचं रिकामं ताट

कारखान्याच्या कँटीनमध्ये सगळे तिला मावशीच म्हणत. स्वयंपाकघरातून तिला जेवणारी माणसं दिसत नसत. दिसायची ती खिडकीतून धुवायला येणारी ताटं. ताट चाटूनपुसून आलं की माणूस खूश, उरलं की कुठेतरी बिनसलंय. या हिशोबात आपण कधी चुकलो नाही, असं तिला वाटायचं.

सुनेला दिवस गेले तशी मावशीने कंबर कसली. दूध, अंडी, पालेभाजी, सगळं रांधून ठेवून कामावर जायचं आणि परत आल्यावर आधी मोरीतलं ताट बघायचं. ताट लख्ख! पोरगी बोलत नाही, केस विंचरत नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडते, हे मावशीला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. पण "पहिलटकरणीचे नखरे" म्हणून तिने ते उडवून लावलं. पोट भरलं की मन ताळ्यावर येतं, यावर तिचा ठाम विश्वास.

उलट मुलाचंच पोट सुटायला लागलं. तो गॅरेजमधून दुपारी घरी जेवायला यायचा. "अरे, बाळंत कोण होणार, तू की ती?" मावशीने टर उडवली. मुलगा हसला नाही.

सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाळ वाढत नाहीये. हिचंही वजन उतरलंय. जेवते का ही?"

"शीत उरत नाही हो ताटात!"

"आणि मन कसं आहे, हे विचारलंय कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मुलाने मान खाली घातली. "तिच्या ताटातलं मीच संपवायचो, आई. तीच म्हणायची, खा तू, नाहीतर आईंना वाईट वाटेल."

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. रागवायचं तरी कुणावर?

त्या दुपारी ती कामावर गेली नाही. मऊ भात कालवला आणि पहिल्यांदाच सुनेच्या समोर बसली. सून घास घेई, चावत राही. गिळणं काही होईना.

"मीठ कमी आहे का गं?"

"नाही आई. तुम्ही चांगलंच करता. मलाच सगळं मातीसारखं लागतं."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, उद्या मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ या हं."

"जाऊ." इतक्या पटकन हो म्हणाली की मावशीला भीतीच वाटली.

थोड्या वेळाने सून म्हणाली, "आई, बाळ झालं की तुम्हीच भरवाल ना त्याला? तुमच्या हातचं खाऊन ते नीट वाढेल."

"आणि तू कुठे जाणार आहेस?"

सुनेने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मावशीला तिला पोटाशी धरायचं होतं, ओरडायचं होतं, माफी मागायची होती. जन्मभर माणसांना जेवू घातलं, पण अशा वेळी काय बोलतात ते तिला कधी कळलंच नव्हतं.

"अजून थोडा भात वाढू?" तिने विचारलं.

सुनेने गुमान ताट पुढे केलं.