बोंब-चाचणी

विश्वासार्हता

पहारेकरणीचं काम असं, की नीट झालं तर कुणाला दिसतही नाही. कंपनीची सगळी यंत्रं क्लाउडवर, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या इमारतीत भाड्याने घेतलेली. ती बंद पडू नयेत, त्यांत चोर शिरू नये, त्यांचं भाडं डोईजड होऊ नये, हे ती बघते. म्हणून ऑफिसात ती पहारेकरीण.

कंपनी विकते एक बटण. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने ते गळ्यात घालायचं. दाबलं की नातेवाइकांचे फोन वाजतात.

तिच्या आत्याच्या गळ्यातही ते आहे. दादाची अटच होती. "बटण एकदा जरी चुकलं, तर आत्या माझ्याकडे राहायला येणार."

"यंत्रणा माझ्या हातात आहे, दादा."

"तुझ्या हातात कपबशी टिकत नव्हती, म्हणून विचारतो."

आत्याला दादाचं घर नको होतं. "तिथे मला पाहुणीसारखं वागवतात," ती म्हणायची. "पाहुण्याने हसायचं तरी किती दिवस?"

(इथे ऑफिसचं वर्णन होतं. ते कुणाला लागतं, हे कुणी सांगितलं नाही. काढून टाकलं.)

काटकसर

भाड्याचं बिल साहेबांनी दोनदा वाचलं. हुकूम निघाला: ज्या यंत्रावर मालकाच्या नावाची चिठ्ठी नाही, ते सरळ बंद करा. ज्याचं असेल तो बोंब मारेल, मग चालू करून द्या. ऑफिसात याला बोंब-चाचणी म्हणत.

एक जुनं यंत्र सापडलं. ज्याने ते उभं केलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. चिठ्ठी लावायची राहून गेली होती.

"हे करतं काय?" पहारेकरणीने विचारलं.

"भाडं खातं," कुलूपवाला म्हणाला. सुरक्षेचं काम त्याच्याकडे. "वर दार सताड उघडं टाकून बसलंय, माझ्या सासऱ्यासारखं. कर बंद."

तिने सकाळीच बंद केलं.

कुणी बोंब मारली नाही. पडद्यावर सगळे दिवे हिरवे. जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली. भाडं वाचलं, एक उघडं दारही बंद झालं, आणि कुणाच्या केसालाही धक्का नाही.

(इथे टाळ्या होत्या.)

सुरक्षितता

जेवताना तिच्या लक्षात आलं, की आज आत्याचा एकही फोन नाही. एरवी आत्या चष्मा सापडला नाही तरी बटण दाबते.

तिने पडदा उघडला. आत्याच काय, सकाळपासून एकाही म्हाताऱ्या माणसाला कुणाची गरज पडली नव्हती.

मग तिने सकाळी बंद केलेल्या यंत्राच्या जुन्या नोंदी उघडल्या. बटणाची हाक नातेवाइकांच्या फोनपर्यंत नेणं, हेच त्या जुन्या यंत्राचं काम होतं. ज्यांनी बोंब मारायची, त्यांची बोंब त्यातूनच जायची.

यंत्र चालू केलं. अडकून पडलेल्या हाका एकदम सुटल्या. तिचा फोन वाजायचा थांबेना. दादाचाही.

दोघं आत्याच्या दारात एकदमच पोचली. आत्या पलंगावर होती, पायांवर चादर.

"काय झालं?" दादाला धाप लागली होती.

"डब्याचं झाकण निघत नव्हतं."

"झाकणासाठी इतक्या वेळा बटण?"

"घट्ट होतं."

दादा कपाळाला हात लावून खुर्चीत बसला. "तुझी यंत्रणा मात्र चोख हं," तो बहिणीला म्हणाला. "कानठळ्या बसल्या."

ती पलंगाच्या कडेला टेकली. हात चादरीला लागला, तसा आत्याने पाय ओढून घेतला आणि ओठ चावला. चादर सरकली. घोटा टम्म सुजलेला. आत्याने डोळे वटारले. गप्प बस.

गप्प बसणं सोपं होतं. दादा खूश, साहेब खूश, आत्या आपल्या घरात. सगळे दिवे हिरवे.

"ती सकाळी पडली असणार, दादा," पहारेकरीण म्हणाली. "तेव्हापासून बटण दाबत होती. मी यंत्र बंद केलं होतं. आधी डॉक्टरकडे नेऊ."

आत्याने चादर पुन्हा नीट केली.

"माझी बॅग तू भर," ती दादाला म्हणाली. "हिला हात लावू देऊ नकोस. ही नेमकं लागणारंच मागे ठेवेल."