अर्धा शिकवलेला तह

"माझी पोर दाराबाहेर उभी आणि आत टाळ्या? ही कुठली शिकवण म्हणायची?" मुलीचे वडील मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटत होते. स्वतःची ठेकेदारी, त्यामुळे आवाज चढवायची सवय.

इतिहासाच्या बाई समोर बसल्या होत्या. पहिल्या महायुद्धाचा तह त्या दरवर्षी असाच शिकवत. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग करायचे. हरलेल्यांना बाहेर काढायचं, जिंकलेल्यांनी आत बसून अटी लिहायच्या, मग हरलेल्यांना बोलावून निमूट सही करायला लावायची. यंदा हरणाऱ्यांत ठेकेदारांची लेक निघाली. तिला वर्गात 'मिरची' म्हणत, ते काही उगाच नव्हे. विजेत्यांनी तिच्या टोळीच्या गळ्यात वर्षभराची झाडलोट मारली, पंख्याखालचे बाकही काढून घेतले आणि खाली सह्या घेतल्या. तेवढ्यात घंटा झाली आणि धडा अर्धाच राहिला.

"सर, उरलेला धडा आज आहे," बाई म्हणाल्या.

"आज तुम्ही वर्गासमोर तिची माफी मागायची," मुख्याध्यापक म्हणाले. "आणि पुढे नुसती प्रश्नोत्तरं द्यायची. नाहीतर सोमवारपासून दहावीचा इतिहास दुसऱ्याकडे. कशाला विस्तवाशी खेळता?"

दहावीचा वर्ग म्हणजे बाईंचा जीव की प्राण. पण धडा इथेच सोडला तर पोरं काय शिकणार? बळी तो कान पिळी, एवढंच ना? अहो, तेवढ्यासाठी शाळा कशाला हवी, ते गल्लीत फुकट शिकायला मिळतं. बाईंना मनापासून राग आला.

"आधी तास घेते. माफीचं मग बघू," म्हणून त्या उठल्याच. मागोमाग ते दोघंही निघाले.

मिरची शेवटच्या बाकावर तोंड फुगवून बसली होती.

"काय गं, सही केलीस ना? आता पुढे काय करणार?" बाईंनी तिला विचारलं.

"काही नाही."

"खरं सांग."

तिने पंख्याखाली बसलेल्यांकडे पाहिलं. "माझी वेळ येऊ दे. एकेकाला बघून घेईन."

कुणी हसलं नाही.

"लिहून घ्या," बाई म्हणाल्या, "दुसऱ्या महायुद्धाचं पहिलं कारण."

पंख्याखालचा एक पोरगा चुळबुळत उठला. "बाई, त्या अटी फाडून टाकू का?"

"तेव्हा वेळेवर कुणी फाडल्या नाहीत, बाळा. म्हणून तर पुढचा धडा आहे."

"बाई, बाहेर या," मुख्याध्यापक दारातून म्हणाले.

"तास संपला की येते, सर."

ठेकेदार काही बोलणार, तोच मिरची उभी राहिली. "बाबा, तुम्ही घरी जा. आमचा तास चाललाय."

हा वर्ग आपल्याकडून गेला, हे बाईंना कळून चुकलं होतं. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, १९३९.