तिसऱ्या मजल्यावरचं खाकरणं

काचेपलीकडे मयुराने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सकाळपासून हेच चाललं होतं.

"अंकल, कंपनीवाले शाम को टेप लेने आएँगे," श्याम म्हणाला. नोएडाच्या नव्या सेक्टरातल्या या तळघरातल्या स्टुडिओचा मालक तोच, रेकॉर्डिस्टही तोच. "आज नहीं हुआ तो गाना किसी और का."

मुरलीधरांनी मान हलवली. सरकारी खात्यात हयात मान हलवण्यातच गेल्यामुळे ती सफाईने हलली.

मयुरा बँडमध्ये गायची तेव्हा मागे चार पोरं असं काही बडवत, की भीतीला मध्ये शिरायला जागाच नसे. त्या चौघांनी दुसरी गायिका आणली. मग कंपनीने हिला एकटीचं गाणं देऊ केलं, आणि एकटी उभी राहताच हिचा आवाज गेला.

ती बाहेर आली. ओठ पांढरे पडलेले.

"बाबा, नाही होत. आत कोणीच नाहीये असं वाटतं. चलो ना, घरी जाऊ."

मुरलीधरांना क्षणभर फार बरं वाटलं. गाणं झालं, तर पोरगी मुंबईला जाणार होती. आणि त्या बरं वाटण्याचीच त्यांना भीती वाटली.

बायको, सुमित्रा, गेल्यापासून दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये ही लहानगी संध्याकाळी एकटी असे. वीज जाई. अंधारात जिन्यावर पावलं वाजली, की ती दाराला पाठ लावून बसे. म्हणून मुरलीधर प्रत्येक मजल्यावर खाकरत येत. चोर खाकरत नाही, एवढं गुन्हेशास्त्र त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावर खाकरले, की वर चौथ्यावर कडी निघे.

"तू आत जा. दिवे घालव," ते म्हणाले. "श्याम, दरवाज़ा खुला रखना."

"अंकल, बाहर की आवाज़ आ जाएगी."

"आने दो."

ते तळघराचा जिना चढून रस्त्यावर गेले आणि चपला वाजवत उतरू लागले. वरच्या पायरीवर खाकरले. वळणावर खाकरले. दारापाशी तिसऱ्यांदा खाकरले.

आत अंधारात कुणीतरी श्वास सोडला. मग तो आवाज असा फुटला, की श्यामच्या हातातला चहा तसाच राहिला.

गाणं गाजलं. सुरुवातीचं तिहेरी खाकरणं म्हणजे घुसमटलेल्या महानगराचा हुंकार, असं एका समीक्षकाने छापलं. आपण महानगर आहोत हे मुरलीधरांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

मयुराला मुंबईच्या गाडीत बसवून ते परतले, तेव्हा कॉलनीत वीज नव्हती. जिन्याच्या तोंडाशी ते जरा रेंगाळले. अंधाराला ते लहानपणापासून भीत. खाकरल्याने त्यांनाच धीर येई, हे त्यांनी पोरीलाही सांगितलं नव्हतं.

पहिल्या मजल्यावर खाकरले. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर खाकरून सवयीने थांबले, कान देऊन.

मग खिशातली किल्ली मुठीत धरून उरलेल्या पायऱ्या चढू लागले.