अंजिरांच्या फरशीवरचा बाण

मित्रांनो, मी वालुकाश्माची एक जुनी फरशी आहे. ॲटलासच्या डोंगरात, ऐत ऊमन गावी, इत्तू म्हातारीच्या अंगणात मी असते. ती माझ्यावर अंजिरे वाळवते आणि मुंग्या आल्या की बोल मला लावते.

माझा जन्म नदीत झाला. माणसे नव्हती तेव्हाची ही गोष्ट. पूर ओसरला, पात्रातला चिखल उन्हात तडकला. पुढच्या पुराने त्या भेगांत वाळू भरली, वरही साचली, आणि त्या वाळूची मी झाले. भेगांचे उठाव माझ्या पोटावर राहिले. पाठीवर वाहत्या पाण्याने बारीक लाटा उमटवल्या. पाणी येई त्या बाजूला लांबट उतार, जाई त्या बाजूला तुटका. नदी कुठे निघाली होती, ते मला पाहून कळते.

गावाने आमचा थर चौकटींसाठी आणि छपरांसाठी फोडून नेला. लाटा असलेली मी एकटी उरले. मला काढले इत्तूच्या भाचीने, तिलिलाने. ती तेव्हा भूशास्त्र शिकत होती. दगड हलवण्याआधी त्यावर उत्तरेचा बाण काढायचा, हे त्या लोकांत सर्वांत आधी शिकवतात. पण लाटा पाहून तिला इतका आनंद झाला, की बाण राहूनच गेला. मला तिने आत्याला भेट दिले.

पुढे विहिरी आटल्या. घरे एकेक करून शहराकडे निघाली. मोठ्या खटपटीने खोदाईचे यंत्र आले, पण एकाच भोकासाठी. जागा दाखवायची होती तिलिलाने. पाणी माझ्याच जुन्या नदीच्या गाडलेल्या वाळूत होते. ती नदी अक्रोडांकडे वळली होती की खळ्याकडे, एवढेच ठरायचे होते. चुकले असते तर गाव उठलेच असते.

ती माझ्याजवळ उकिडवी बसली. लाटांवरून बोट फिरवत म्हणाली, "हिला सगळं ठाऊक आहे, आत्या. पण हिचं तोंड कुठं होतं तेच मला आठवत नाही."

"दगडाला कुठं तोंड असतं गं?"

"असतं. मीच ते पुसलं."

मित्रांनो, मला तिची दया आली. सांगायला तोंड मात्र मला खरेच नव्हते.

मग तिने अंजिरे परातीत काढली, मला पालथे घातले आणि पोटावरचे उठाव पाहून हसली. ज्या भेगांत ते भरले गेले, तो चिखलाचा थर अजून डोंगरावर दरडीखाली होता. इत्तू कुरकुरली, पण मला वाहून न्यायला गोठ्यातले गाढव तिनेच सोडून दिले.

दरड उकरून मला तिथे ठेवले, फिरवले. एकदा अडले, पुन्हा अडले. मग भेगेत भेग बसली आणि मी हलेनाशी झाले. एवढ्या काळाने आपल्या जागी बसून मला फार बरे वाटले. तिलिलाने आधी बाण काढला, मग डोळे पुसले.

लाटांचा तुटका उतार खळ्याच्या दिशेला होता, म्हणजे नदी खळ्याकडे गेली होती. तिथेच खोदले आणि गढूळ, वाळू मिसळलेले पाणी वर आले. जायला निघालेल्या घरांनी बांधलेली बोचकी सोडली.

मित्रांनो, दगड लागले तर खुशाल न्या. पण नेण्याआधी तो कसा आणि कुठल्या बाजूला बसला होता, तेवढे पाहून ठेवा. त्याच्याजवळ सांगण्यासारखे तेवढेच असते.

मी पुन्हा अंगणात आले आहे. बाणाप्रमाणे मला उत्तरेकडे लावले आहे. अंगण झाडताना कुणी मला जरा सरकवले, की इत्तू आतून ओरडते, "तोंड फिरवू नका तिचं."