एक जूनची पोरं

"तारामतीबाईंचा जन्म एक जून एकोणीसशे सदुसष्ट रोजी..." शाळेचे तरुण हेडमास्तर माइकवर वाचत होते, आणि मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसल्या बसल्या पुटपुटलो, "खोटंय ते." शेजारी सरपंच बसले होते. त्यांना वाटलं, माइक खरखरतोय म्हणून म्हातारा कुरकुरतोय. त्यांनी एकाला वायर हलवायला पाठवलं.

मे महिन्याची एकतीस तारीख. शाळेला सुटी होती, पण तारामतीच्या नोकरीचा शेवटचा दिवस म्हणून व्हरांड्यापुढं मंडप घातला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, साडीचोळी झाली. ज्या शाळेत ती शिकली त्याच शाळेत शेवटची नऊ वर्षं तिनं पहिलीचा वर्ग सांभाळला. आणि तिचं नाव त्या शाळेच्या पटावर ज्यानं लिहिलं तो मी, अण्णाराव गुरुजी, अजून चालता-बोलता आहे म्हणून मलाही मानानं बोलावलं होतं.

जन्मतारीख माझीही एक जूनच. आमच्याकडं आईबाप पोरं जन्माला घालायचे आणि मास्तर त्यांना तारखा द्यायचे. जूनमध्ये शाळा उघडणार, पोराला सहा वर्षं पुरी झालेली दाखवायची, मग लावा एक जून. निलंग्याच्या आसपासच्या गावांत फिरलात तर दर घरात एक तरी एक जूनवाला निघेल. मी एकट्यानंच तीन-चारशे पोरांना ती वाटली असेल. आता दरसाल त्या दिवशी माझ्या फोनवर केकची चित्रं येऊन पडतात आणि मी सगळ्यांना एकच आशीर्वाद धाडतो. त्या तारखा अंदाजानं टाकलेल्या होत्या, आणि अंदाजाला मी कधी खोटं म्हटलं नाही. तारामतीची मात्र मी जाणूनबुजून खोटी लिहिली होती.

ती भाषणाला उभी राहिली. बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिनं आटोपतं घेतलं. दोन-चार जणांचे आभार मानले आणि एकदम हेडमास्तरांकडं वळून विचारलं, "सर, यंदा पहिलीला कोण हाय?" हेडमास्तर म्हणाले, अजून कुणाची ऑर्डर नाही, बघू. तिनं मान हलवली, पदर डोळ्याला लावला आणि खाली बसली. मी हातातला पेढा परत पुडीत ठेवला.

*

त्र्याहत्तरचा जून मला कालच्यासारखा आठवतो. त्याआधीच्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. विहिरींत उतरून वाटीनं पाणी भरायचे लोक. गावाबाहेर दुष्काळी काम निघालं होतं, आणि शेतवाले काय, बिनशेतवाले काय, सगळे एका रांगेत बसून खडी फोडत होते. शाळेत सरकारची सुकडी यायची, भाजक्या पिठाचा गोड खाऊ. पटावर जितकी नावं तितक्याच पोरांची सुकडी. पटावर नाव नाही त्याला काही नाही.

मी सत्तावीस वर्षांचा, नवा नवा मास्तर, आणि नियमाचा कडक. गावात माझ्या माघारी मला 'तराजू' म्हणायचे. जन्माचा दाखला कुणाकडंच नसायचा, म्हणून वय मोजायची आमची एक रीत होती. पोरानं उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. बोटं टेकली तर सहा वर्षं झाली, घ्या नाव. नाही टेकली तर पुढल्या साली या.

शाळा उघडली त्या सकाळी खडीवर जाता जाता दोघी बाया पोरी घेऊन आल्या. एक नागुबाई, दुसरी मल्लम्मा. मल्लम्माचं माहेर सीमेपलीकडचं, ती अर्धी कानडी अर्धी मराठी बोलायची. तिची पोर रत्नम्मा पुढं झाली. हात डोक्यावरून नेला आणि ताठ उभी राहिली, पाठीला काठी बांधल्यागत. बोटं कानाच्या दोन बोटं वरच थांबली. मी म्हणालो, पुढल्या साली आण. मल्लम्मानं पोरीचा हात धरला आणि चालू लागली.

मग नागुबाईची तारामती. ती रत्नम्मापेक्षा मूठभर लहानच होती, पण मघापासून सगळं बघत होती. तिनं हात डोक्यावरून नेला, बोटं पोचेनात असं दिसल्यावर तिनं हळूच मान वाकवली आणि कानच बोटांकडं आणला. टेकवला. आणि तशीच वाकड्या मानेनं माझ्याकडं बघत राहिली. मला हसू आलं, पण मास्तरानं हसायचं नसतं.

"नागुबाई, पोरगी कधीची?"

"येळवशीची हाय, गुरुजी. सगळं गाव रानात गेल्तं, आन् घरी मी एकलीच."

आमच्याकडं येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात आंबील प्यायला जातात. मी विचारलं, कितवी येळवस. तिनं बोटांवर मोजलं आणि खरं तेच सांगितलं, चार येळवशी झाल्या म्हणून. म्हणजे साडेचार वर्षं. मी म्हणालो, नियमात बसत नाही.

नागुबाई हातापाया पडली नाही. डोईवरचं टोपलं खाली ठेवून म्हणाली, "खडीवर झाड न्हाई, गुरुजी. हिला खडीच्या ढिगामागं बसविते. ढिगाची सावली सरकली की ही बी सरकती. दुपारच्याला सावलीच ऱ्हात न्हाई."

मी टाक शाईत बुडवला आणि एक-सहा-सदुसष्ट लिहिलं. अक्षर मुद्दाम चांगलं काढलं. दारातून बघितलं तर मल्लम्मा अजून शाळेसमोरच्या वडाच्या पुढं गेली नव्हती. हाक मारावी असं मनात आलं. पण एका दिवसात दोन खोट्या नोंदी कशा करायच्या, म्हणून गप्प बसलो. पुढल्या सालापर्यंत ती माणसं ऊस तोडायला सातारकडं निघून गेली होती.

तारामती माझ्या टेबलाच्या पायाशी बसायची. सुकडी खाल्ली की तिथंच झोपायची, आणि मी तिला उठवत नसे. तपासणीला साहेब आले की तेवढं ढोसून जागं करायचो. दुसरीत गेली तेव्हा मात्र तिच्यापेक्षा दीड-दोन वर्षांनी मोठी पोरं तिच्याकडून पाढे उतरवून घ्यायची.

*

ही खोटी तारीख खरी करायची संधी मला एकदा आली होती. ब्याऐंशी साली ऑगस्टमध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. लोकांनी पेढे वाटले, फटाके उडवले. माझ्या वाट्याला काम आलं. जुन्या छापील कागदांवरचं 'जि. उस्मानाबाद' तांबड्या शाईनं खोडा आणि वर 'लातूर' लिहा. शेकडो कागद. बायको म्हणायची, तुमच्या बोटांना मेंदी लागल्यागत दिसायलीय. त्याच सुमाराला निलंग्याच्या हायस्कुलातून निरोप आला. मॅट्रिकचे फॉर्म जाणार आहेत, कुणाची तारीख चुकली असेल तर मूळ पट बघून आत्ताच कळवा, नंतर काही होणार नाही.

तारामती त्या वर्गात होती. चौदा वर्षांची पोर मॅट्रिकला, आणि रांगेत सगळ्यांत पुढं उभी करावी लागायची इतकी बुटकी. मी नागुबाईच्या घरी गेलो. ती अंगणात तुरी निवडत होती. म्हटलं, आता सगळे कागद नव्यानं व्हायलेत, पोरीची येळवशीची तारीख लावून टाकू, पुढं तिला बरं पडेल.

नागुबाई सुपातली तूर हलवायची थांबली. 

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," ती म्हणाली. "त्या तारखेनं माझी लेक सावलीत बसविली. आता तिला खोटी नगा म्हणू."

मी उठून आलो. खरं सांगतो, मला सुटल्यासारखंच वाटलं. तारीख बदलली असती तर ती चुकीची लिहिली कुणी, हा प्रश्न आला असता. नागुबाईचा मान राखला असं मी मनाला सांगितलं, आणि चाळीस वर्षं तेच सांगत आलो.

*

निरोपाच्या मंडपातून घरी आलो आणि बोटं मोजत बसलो. येळवशीनं मोजलं तर तारामतीची अजून दीड वर्ष नोकरी होती. म्हणजे दोन जून. पहिलीचे दोन वर्ग. नवऱ्यामागं तिनं दोन पोरं वाढवली, ती पुण्याला गेली, आणि इथं तिला त्या वर्गाशिवाय दुसरं कुणी नव्हतं. कुठलं पोर शाळेत येताना रडतं, कुठलं चड्डी ओली करतं, सगळं तिला तोंडपाठ. आणि ते दोन जून मी खाल्ले होते.

रविवारी दोन पानी अर्ज लिहिला. अमुक नोंद मी, खाली सही करणार, जाणूनबुजून खोटी केली. जन्मात पहिल्यांदा असं काही लिहीत होतो. सोमवारी पहिल्या एसटीनं लातूर गाठलं. जिल्हा परिषदेच्या कचेरीत टेबलामागं एक तरुण मुलगी होती. तिनं आधी मला पाणी दिलं, मग अर्ज वाचला, जुन्या नोंदीची झेरॉक्स उलटसुलट बघितली.

तिनं नीट समजावून सांगितलं. नोकरीला लागल्यावर पाच वर्षांच्या आत अर्ज करायला हवा होता. आणि तोही लिहिताना चूक झाली असेल तरच. "गुरुजी, यात चूक कुठंय?" ती म्हणाली. "किती सुंदर अक्षर आहे." ती कौतुकानं म्हणाली होती. मला मात्र मान वर करवेना. उठलो आणि स्टँडवर येऊन चहासुद्धा न पिता गाडीत बसलो.

*

सोळा जूनला शाळा उघडली. आताशा प्रवेशोत्सव करतात. नव्या पोरांना फुगे बांधलेल्या बैलगाडीतून वाजतगाजत आणायचं, ताटातल्या कुंकवाच्या पाण्यात त्यांचे पाय बुडवून कागदावर ठसे घ्यायचे. आमच्या वेळी कान, आता पाय. काठी टेकत मीही बघायला गेलो.

तारामती गेटच्या बाहेर लिंबाखाली उभी होती. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. मला बघून ओशाळली. म्हणाली, सवयीनं डबा भरला, सवयीनं निघाले, गेटपाशी आल्यावर ध्यानात आलं. मग म्हणाली, "लातूरला गेल्ता म्हणं, गुरुजी."

"तुला कुणी सांगितलं?"

"ती टेबलावरची पोरगी माझीच हाय. तिसरीला होती माझ्याकडं, आधीच्या शाळेत."

मी म्हणालो, तुझे दोन जून माझ्यामुळं गेले. चाळीस वर्षांपूर्वीच तारीख बदलायला पाहिजे होती, मी भ्यालो. तिनं मला मधेच थांबवलं. आईनं तिला सगळं कधीच सांगितलं होतं. कान कसा टेकवला तेसुद्धा.

"वाईट वाटायलंय, न्हाई कसं. सकाळपासून घंटेकडं कान लागलेत," ती म्हणाली. "पर ती तारीख नसती तर मी खडीच्या ढिगामागंच ऱ्हायले असते, गुरुजी. ते बगा, वळखू येतंय का कोण हाय?"

बैलगाडी गेटाशी येऊन थांबली होती. एक उंच, वाळलेली, पांढऱ्या केसांची बाई एका पोरीला खाली उतरवून घेत होती. पोरीच्या डोक्याला मोठी तांबडी रिबीन, आणि ती रडत होती, गाडीचं चाक सोडायला तयार नव्हती.

"मल्लम्माची रत्नम्मा," तारामती म्हणाली. "पन्नास वर्सं ऊस तोडला तिनं. गेल्या साली गावात आली, नातीला शाळेत घालायचं म्हणून. मार्चात नाव मीच लिवलं पोरीचं. पालकाच्या जागी तिनं अंगठा दिला."

मी लिंबाला हात लावून उभा राहिलो. तारामतीच्या दीड वर्षासाठी मी लातूर गाठलं होतं, दोन पानं लिहिली होती. त्र्याहत्तरच्या त्या सकाळी नियमावर बोट ठेवून जी दुसरी नोंद मी केलीच नाही, ती मला पन्नास वर्षांत एकदाही बोचली नव्हती. पट बघितला तर कुणाला दिसणारही नाही, कारण तिथं काही लिहिलेलंच नाही.

नातीला गुरुजींच्या पाया पड म्हणत रत्नम्मा आमच्याकडंच आली. तिनं विचारलं, वळखलं का. मी हो म्हणालो. तारामतीनं त्या पोरीचा हात आपल्या हातात घेतला आणि पोर रडायची थांबली.

"गुरुजी," रत्नम्मा म्हणाली आणि तिला हसू फुटलं. तिनं पदर जरा मागं सारला, उजवा हात डोक्यावरून पलीकडं नेला आणि डाव्या कानाला लावला. "आता टेकतोय बगा. घेता का नाव?"

गाडीवाला हसला, तारामती हसली, बँडवालेसुद्धा हसले. रत्नम्माही हसत होती. आत शाळेची घंटा झाली. मान ताठ ठेवून, हात तसाच कानाला लावून, मी काय म्हणतोय ते ऐकायला ती उभी राहिली.